1985 ची व्हिंटेज पोर्ट: बाटली उघडण्यापासून निकालापर्यंत

शिवाजीपार्ककर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या शनिवारी दादरला आमच्या घरी ग्रॅहम या पोर्ट बनवणाऱ्या घराण्याची 1985 ची व्हिंटेज पोर्ट (स्पिरिट मिसळलेली गोड पोर्तुगीज वाइन) उघडली. तुलनेसाठी शेजारी एक वीस वर्षांची टॉनी आणि एक एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), हे पोर्टचेच दुसरे दोन प्रकार, मुद्दाम ठेवले होते. इथे बऱ्याच जणांना वाइनमध्ये रस आहे, म्हणून सविस्तर लिहितो, आणि वर्णनापेक्षा जोखण्याबद्दल जास्त लिहितो. चाळिशीची बाटली टेबलावर आली की लोक तिच्या वयालाच दाद देऊन मोकळे होतात. त्यात वाइनवर अन्याय होतो. काही पोर्ट चाळीस वर्षांत बहरतात, काही पंचविसाव्या वर्षीच थकतात. नुसत्या सालावरून ते कळत नाही, पेल्यात ओतल्यावरच कळतं.

थोडी पार्श्वभूमी. पोर्ट येते उत्तर पोर्तुगालमधल्या दोरु नदीच्या खोऱ्यातून. 1756 साली, पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत, या प्रदेशाची हद्द कायद्याने आखली गेली. शिस्ट खडकाचे उभे उतार, त्यांवर पायऱ्या-पायऱ्यांचे मळे, आणि तोरिगा नासिओनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंतो काऊं अशा जाड सालीच्या, गडद रंगाच्या जाती. रस आंबत असताना जवळजवळ निम्मी साखर शिल्लक आहे तोवरच त्यात 77 टक्के मद्यार्काचं, द्राक्षांपासूनच काढलेलं रंगहीन स्पिरिट ओततात. चार भाग आंबत्या रसाला साधारण एक भाग. यीस्ट तिथेच मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्टमध्ये मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास आणि साखर लिटरमागे शंभरेक ग्रॅम.

यातली व्हिंटेज पोर्ट म्हणजे एकाच उत्तम ठरलेल्या वर्षाची. कापणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच ती न गाळता बाटलीत भरतात. 1985 ची म्हणजे 1987 ला भरलेली. पुढचं सगळं मुरणं काचेच्या आत, जवळजवळ हवेविना. टॉनीचं उलट असतं, ती वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहते, हवा खाते, रंग उतरून तांबूस होते आणि अक्रोड-बदामाकडे झुकते. एलबीव्ही चार ते सहा वर्षं पिंपात काढून बाटलीत येते आणि बहुतेक वेळा लगेच प्यायला तयार असते. 1985 हे जवळजवळ सगळ्या मोठ्या घराण्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केलेलं साल.

आता आमची बाटली. मित्राने ती लंडनहून आणली. परदेशातून येताना माणशी दोन लिटरची सवलत असते, त्यात ती बसली. आल्या आल्या उघडली नाही. प्रवासात हिंदकळलेला गाळ बसायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर 13 अंशांच्या कपाटात आडवी ठेवली आणि शेवटचे दोन दिवस उभी. जुन्या पोर्टच्या बाटलीवर कधी कधी पांढऱ्या रंगाचा एक फराटा असतो. आडवी ठेवताना तो वरच्या बाजूला यावा लागतो, म्हणजे गाळ कायम त्याच्या विरुद्ध अंगाला बसतो. आमच्या बाटलीवर तो नव्हता, म्हणून लेबल वर ठेवलं. वाइनची पातळी मानेच्या तळाशी होती. या वयाला ही पातळी उत्तम म्हणायची.

बुचावर जरा थांबतो. व्हिंटेज पोर्टचं बूच लांब असतं आणि बाटलीची मान मध्ये किंचित फुगीर, त्यामुळे ते आत घट्ट धरून बसतं आणि चाळीस वर्षांनी साध्या स्क्रूने ओढलं की कमरेत तुटतं. आम्ही दोन पातळ पात्यांचा ओपनर वापरला. पाती बुचाच्या कडेने डोलवत डोलवत खाली उतरवायची आणि मग फिरवत वर ओढायचं. बूच अखंड आलं. वरचा भाग कोरडा आणि भुरभुरीत, खालचा जांभळट काळा आणि ओला, आणि दोन्हींच्या मधली सीमा सरळ रेषेत. ही सरळ रेषा पाहून मला खरा धीर आला. बाटली कधी उन्हात किंवा गरम गोदामात राहिली असती तर वाइन फुगून बुचाच्या कडेने वर चढली असती आणि तिथे ओघळांचे पट्टे दिसले असते.

डिकँटरमध्ये (गाळ मागे ठेवून वाइन ओतायच्या काचेच्या भांड्यात) ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च ठेवला. बाटली एकदा तिरकी केली की पुन्हा उभी करायची नाही, एका दमात, सावकाश. मानेत काळपट लाल पापुद्रे सरकताना दिसले तिथे थांबलो. तळाशी अर्धी वाटी उरली ती सोडून दिली. कॉफीच्या कागदातून गाळू नका, कागदाचा वास उतरतो. बूच तुटून कण पडलेच तर धुऊन, साबणाचा मागमूस न ठेवता वाळवलेलं मलमल पुरतं.

आणि मुंबईकरांनो, तापमान! पुस्तकात "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं ते युरोपातल्या थंड दगडी घरांचं. आपल्याकडे दिवाळीतसुद्धा संध्याकाळी खोली 28-29 अंशांवर असते. या तापमानाला 20 टक्के मद्यार्काची कुठलीही वाइन नाकात चढणारच, मग आपण म्हणणार की ही पोर्ट जळजळीत आहे. 16 ते 18 अंशांना ओता. डिकँटर बर्फाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं धरला तरी भागतं. पेला अर्ध्याहून कमी भरा आणि दांडीला धरा.

रंग: मध्यभागी अजून गडद माणकासारखा, कडेला विटेच्या रंगाची रुंद पट्टी. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला की ही पट्टी नीट दिसते. कडेचा रंग मधोमधपर्यंत पोचला असता तर मी काळजीत पडलो असतो. तरुणपणी ही वाइन शाईसारखी असते. रंग आणि टॅनिन (सालीतून येणारा तुरट घटक) एकमेकांना धरून हळूहळू गाळ होऊन खाली बसतात, त्यामुळे वाइन उजळत जाते आणि तुरटपणाही मऊ होतो.

वास: आधी मनुका, सुकं अंजीर, आलुबुखार. थोड्या वेळाने ज्येष्ठमध, लवंग, गुलकंद, आणि तासाभराने चामडं, तंबाखू, काळा चहा. आणखी अर्ध्या तासाने पुदिन्याचा एक थंड झोत आला तो मला फार आवडला. यादी लांबवत नाही. वासांची संख्या मोजण्यापेक्षा ते बदलत राहतात की पहिल्याच मिनिटाला संपतात, हे पाहावं असं माझं मत आहे. आमचे शेवटपर्यंत बदलत होते.

चव: इथे मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, मद्यार्क वेगळा जाणवतो का. तो आमटीत फोडणी मुरावी तसा मुरलेला हवा, घशाखाली ऊब हवी पण आग नको. दुसरी, मधला भाग भरलेला आहे का. थकलेल्या पोर्टमध्ये सुरुवातीला गोडी येते, शेवटी मद्यार्क येतो, आणि मध्ये पोकळी असते, फळ निघून गेलेलं असतं. तिसरी, गिळल्यावर काय उरतं आणि किती वेळ. नुसती साखर उरली तर लांबी असूनही उपयोग नाही.

या बाटलीत मधला भाग भरगच्च होता. ग्रॅहम तशी गोड वळणाचीच, डाउ या दुसऱ्या घराण्यासारखी कोरडी नाही, पण आंबटपणाने गोडी तोलून धरली होती. टॅनिन मऊ तरी हिरड्यांना जाणवणारं. चव मिनिटभराहून जास्त रेंगाळली आणि शेवटी कोको आणि अंजीर उरलं.

निकाल देताना मी दर्जा आणि तयारी वेगवेगळी लिहितो, डब्ल्यूएसइटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीतही तसंच आहे. दर्जा समतोल, लांबी, तीव्रता आणि गुंतागुंत यांवर ठरतो. तयारी म्हणजे आता प्यावी की ठेवावी. एखादी वाइन उत्कृष्ट असूनही अजून कच्ची असू शकते, एखादी अगदी तयार असूनही सामान्य असू शकते. माझा निकाल: दर्जा सर्वोच्च श्रेणीतला. आज पिण्यास तयार, आणि चांगल्या कपाटात अजून वीस वर्षं टिकेल.

प्रश्न जरूर विचारा.

माहीमची वाट

वा, तपशीलवार लिहिलंत. वाचनखूण साठवली. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. आमच्याकडे गोव्याहून कोणी आलं की "पोर्ट वाइन"ची बाटली येतेच, आजीला थंडीत चमचाभर देतसुद्धा असत. ती आणि ही एकच का? आणि ग्रॅहम हे नाव पोर्तुगीज कसं?

शिवाजीपार्ककर

एक नाही. ती गोव्यात बनते, गोड असते, स्वस्त असते आणि ताजी प्यायची असते. तिला नावं ठेवायचं कारण नाही, कित्येक घरांत तिच्या आठवणी आहेत. फक्त ती वीस वर्षं कपाटात ठेवून सुधारणार नाही. दोरुच्या पोर्टच्या मानेवर तिथल्या नियामक संस्थेचा, आयव्हीडीपीचा, क्रमांक असलेला शिक्का असतो. विकत घेताना तो बघा.

नावाचं म्हणाल तर पोर्टचा धंदाच मुळात इंग्रजांनी वाढवला. 1703 च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागली, आणि व्यापारी पोर्तो शहरात जाऊन बसले. ग्रॅहम हे मूळ ग्लासगोचे कापडाचे व्यापारी. 1820 साली त्यांच्या पोर्तुगालमधल्या पेढीने थकलेल्या पैशांच्या बदल्यात पोर्टची पिंपं घेतली, तिथून सुरुवात. 1970 पासून ते घराणं सिमिंग्टन कुटुंबाकडे आहे.

द्राक्षबागायतदार

आम्ही निफाडकडचे. एक गोष्ट विचारतो. आंबणं मध्येच थांबवायचं म्हणजे साल रसात मुरायला वेळच मिळत नाही. आमच्याकडे रेड वाइनला साल आठ-दहा दिवस तरी रसात राहते. मग इतका रंग आणि इतका तुरटपणा येतो कुठून? चाळीस वर्षं टिकायचं म्हणजे पाया भक्कम लागणार.

शिवाजीपार्ककर

अगदी मुद्द्याचं विचारलंत. दोन-तीन दिवसांतच स्पिरिट ओतायची वेळ येते, म्हणून तेवढ्यात सगळं काढून घ्यावं लागतं. त्यासाठी लगार नावाच्या ग्रॅनाइटच्या रुंद, उथळ हौदांत माणसं पायांनी द्राक्षं तुडवतात. आधी ओळीने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, तालात, काही तास. पायाच्या तळव्याने साल चांगली पिळली जाते पण बी फुटत नाही, त्यामुळे बियांतला कडवटपणा उतरत नाही. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राचे पाय असलेले लगारही आहेत, पण काही घराणी निवडक व्हिंटेजसाठी अजून माणसंच वापरतात. शिवाय उन्हाळा कडक, पाऊस कमी, वेली जुन्या, एका वेलीला उत्पन्न थोडं. तुमच्या भाषेत, घड मोजकेच आणि मणी लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त.

द्राक्षबागायतदार

समजलं. घड विरळणी इथेही करतो, पण बाजाराला मोठा मणी लागतो म्हणून सगळं उलट्या दिशेने चालतं. वाइनसाठी लावलेला प्लॉट आणि खायच्या द्राक्षांचा प्लॉट यांत मणी पाहूनच फरक कळतो. आभारी आहे.

वसईकरीण

मी ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती) घरातली. आमच्याकडे नाताळच्या किती आधीपासून काळी द्राक्षं, साखर आणि यीस्ट घालून बरणी भरली जाते, तिला दोरीने फडकं बांधलं जातं आणि घरातल्या पोरांनी रोज लाकडी पळीने ढवळायचं असतं. वसई 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे वाइन ही आमच्या सणाच्या ताटातलीच गोष्ट. तुमचा लेख वाचून विचारावंसं वाटलं: केकसाठी सुकामेवा भिजवायला व्हिंटेज पोर्ट वापरली तर केक आणखी चांगला होईल का? मुलगा दुबईहून एक घेऊन येतो म्हणतोय.

शिवाजीपार्ककर

ताई, कृपा करून नको! भाजताना तिचे सगळे बारीक वास उडून जातील, आणि चाळीस वर्षांत जे कमावलं तेच जाईल. केकला साधी रूबी पोर्ट घ्या. फळाचा दणका तिच्यात जास्त असतो आणि पैसेही वाचतात. मुलाला वीस वर्षांची टॉनी आणायला सांगा आणि ती नाताळच्या दिवशी केकबरोबर प्या. तुमच्या केकमधल्या मनुका, काजू आणि जळक्या साखरेच्या रंगाशी टॉनीचं फार जमतं. थोडी गार करून, 12-14 अंशांना. आणि बरणीतली वाइन कधी चाखवणार ते सांगा, मी वसईला यायला तयार आहे.

काचेचा पेला

त्या संध्याकाळी मीही होते, म्हणून माझी नोंदही इथे असायला हवी. शिवाजीपार्ककरांच्या बहुतेक वर्णनाशी सहमत आहे, निकालाशी नाही.

पहिल्या तासाभरात मला स्पिरिट स्पष्ट टोचत होतं, नाकात आणि जिभेच्या टोकाला दोन्हीकडे. त्यांनी "मुरलेलं" लिहिलंय ते दुसऱ्या तासानंतर खरं ठरलं. शेजारच्या टॉनीतही मद्यार्क जवळजवळ तेवढाच होता, पण ती पहिल्या घोटापासून रेशमी होती. मग ही तुलना कागदावर यायला नको का? दुसरं, मधला भाग भरलेला होता हे खरं, पण भरलेला होता तो बऱ्याच अंशी गोडीने. साखर बाजूला ठेवून मी फळ शोधायचा प्रयत्न केला तेव्हा ते होतं, पण सुकलेलं, एका सुराचं. वासातली गुंतागुंत चवीत पूर्ण उतरली नाही. माझ्याकडून एक श्रेणी खाली, "खूप चांगली". आणि वीस वर्षं मी तरी ठेवणार नाही.

शिवाजीपार्ककर

तुमची नोंद हवीच होती. टॉनीशी तुलना मात्र मला पटत नाही. टॉनी वीस वर्षं लाकडात हवा खात मऊ झालेली असते, व्हिंटेज बंद काचेत असते. उघडल्यावर तिला श्वास घ्यायला वेळ लागतो, त्यात तिचा दोष नाही. माझा आक्षेप तापमानावर आहे. तुम्ही पेला तळहातात धरून बसला होतात, मी दोनदा सांगितलं. 24-25 अंशांना स्पिरिट वर येणारच.

काचेचा पेला

पेला हातात होता हे खरं, पण पहिला घोट ओतल्या ओतल्याच घेतला होता. तेव्हा तो थंडच होता आणि तेव्हाही टोचलं. आणि "वेळ लागतो" म्हणता तर मग डिकँटिंग आधी करायला हवं होतं. आपण ओतून अर्ध्या तासात प्यायला सुरुवात केली.

शिवाजीपार्ककर

आधी करण्याबद्दल मी सावध असतो. तरुण व्हिंटेज, समजा 2011 किंवा 2016 ची, चार-सहा तास आधी ओतली तर फायदाच होतो. साठच्या दशकातली, जसं 1963 किंवा 1966, ओतून लगेच प्यावी, कारण नाजूक वास हवेत निघून जातात. 1985 मधोमध पडते. तासभर आधी हा मला समतोल वाटतो. चार तास आधी ओतून तिचे वास उडून गेले तर परत बाटलीत भरता येत नाही. सावकाश पीत गेलो तर प्रत्येक टप्पा आपल्याला दिसतो.

पुस्तकी किडा

तापलेल्या चिमट्याने बाटलीची मान कापतात असं वाचलंय. चिमटा लालभडक करून मानेभोवती मिनिटभर धरायचा, मग ओल्या फडक्याने थंड करायचं आणि काच स्वच्छ तुटते. बूच कुजलेलं असेल तर हाच उपाय ना? घरच्या गॅसवर जमेल?

शिवाजीपार्ककर

पद्धत बरोबर वाचलीत, पण घरी नका करू. चिमटा नीट तापला नाही तर काच वेडीवाकडी फुटते आणि तुकडे वाइनमध्ये जातात. बूच तुटलं तर तुटू द्या, कण मलमलमध्ये अडकतात.

अंधेरी लोकल

तुमचा धागा वाचून वडिलांचं कपाट उघडलं. त्यांना 1992-93 च्या सुमारास एका परदेशी गृहस्थांनी भेट दिलेली 1977 ची व्हिंटेज पोर्ट आहे. घराणं नामवंत आहे, नाव इथे लिहीत नाही. तेव्हापासून ती अंधेरीच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात उभी आहे. पातळी खांद्यापर्यंत उतरली आहे, वरचं वेष्टन चिकट लागतं आणि बूच किंचित वर आल्यासारखं वाटतं. वडील आता 78 चे आहेत. त्यांना ही बाटली नातीच्या लग्नात उघडायची आहे, लग्न दोन वर्षांनी. काय करू? विकली तर काही मिळेल का?

शिवाजीपार्ककर

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी वाईट बातमी. चिकट वेष्टन, वर आलेलं बूच आणि खांद्यापर्यंत उतरलेली पातळी ही तिन्ही लक्षणं एकच गोष्ट सांगतात: बाटली उन्हाळ्यामागून उन्हाळा तापत आली आहे. दुपारी वाइन फुगते, बुचाला ढकलते, थोडी बाहेर झिरपते. रात्री आकसते आणि हवा आत ओढून घेते. त्यात उभी ठेवल्यामुळे बूच आतून वाळलं असणार. विकायचा विचार सोडा. अशा बाटलीला जाणकार गिऱ्हाईक मिळत नाही, आणि परवान्याशिवाय दारू विकणं कायद्यातही बसत नाही.

आता बरी बातमी. 1977 हे भक्कम साल मानलं जातं, आणि पोर्ट साध्या वाइनपेक्षा उष्णता जास्त सोसते, कारण साखर आणि मद्यार्क दोन्ही तिला राखतात. वीस-तीस उन्हाळे काढूनही प्यायला आनंद देणारी निघू शकते. पण दोन वर्षं थांबू नका. प्रत्येक मे महिना तिच्यातून काहीतरी घेऊन जातोय.

आज रात्रीच तिला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवा. फ्रिज आदर्श जागा नाही, पण अंधेरीच्या पश्चिमेच्या भिंतीपेक्षा शंभर पटीने बरा. दोन-तीन आठवड्यांत गाळ बसेल. मग एखाद्या रविवारी वडिलांच्या उपस्थितीत उघडा.

उघडल्यावर आधी नुसता वास घ्या. जास्त शिजलेला मुरंबा आणि करपलेली साखर असा वास असेल तर ती तापली आहे, पण पिता येईल. ती मुळात व्हिंटेज होती हे विसरून टॉनीसारखी, थोडी जास्त गार करून, अक्रोडाबरोबर प्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास हलका असेल तर चालतं, जुन्या पोर्टमध्ये तो थोडा असतोच. व्हिनेगरचा झणझणीत वास आला तर ती गेली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या तळघराचा वास आला तर तो बुचाचा दोष, उष्णतेचा नाही. तो घाणेरडा असला तरी अपायकारक नसतो. रंग पूर्ण तपकिरी आणि गढूळ दिसला तर फार अपेक्षा ठेवू नका.

लग्नासाठी वेगळी बाटली घ्या. नात 1994, 1997 किंवा 2000 ची असेल तर भाग्यवान आहात, तिन्ही उत्तम जाहीर झालेली सालं आहेत. ती बाहेरच नीट साठवलेली राहू द्या आणि लग्नाच्या महिनाभर आधी आणा.

अंधेरी लोकल

नात 1997 ची आहे!! वडिलांना आत्ताच वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः उठून बाटली फ्रिजमध्ये ठेवली, भाजीचा ट्रे बाहेर काढून. उघडली की इथे लिहितो.

माहीमची वाट

अंधेरी लोकल, नक्की लिहा, वाट पाहतेय. शिवाजीपार्ककर, खायला काय ठेवलं होतं? आणि पेले कुठले?

शिवाजीपार्ककर

निळ्या बुरशीचं खारट चीज, अक्रोड आणि सुकं अंजीर. स्टिल्टन मिळालं तर उत्तम, नाही तर कुठलंही निळं चीज. खारटपणा आणि गोडी एकमेकांना उचलून धरतात. पुरंदरची ताजी अंजिरं मोसमात मिळाली तर त्यांच्यावर थोडं चीज ठेवून बघा. गोड पक्वान्नाबरोबर मात्र नको. गुलाबजाम किंवा पुरणपोळी पोर्टपेक्षा गोड असते, मग पोर्ट कडवट आणि आंबट लागते. काळं चॉकलेट चालतं, पण तेही जुन्या पोर्टपेक्षा तरुण पोर्टबरोबर जास्त शोभतं.

पेले साधे, वर निमुळते होणारे पांढऱ्या वाइनचे. लिक्युअरचे अंगठ्याएवढे पेले घेऊ नका, त्यांत वास फिरायला जागाच राहत नाही.

उरलेली बाटली विचारणार असाल तर: जुनी व्हिंटेज उघडल्यावर दोन दिवसांत संपवा, तीही फ्रिजमध्ये ठेवून. टॉनीला हवेची सवय असते, ती आठवडे टिकते.

काचेचा पेला

उरलेल्यातली थोडी मी लहान बाटलीत काठोकाठ भरून घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी रात्री, म्हणजे जवळजवळ 24 तासांनी, नीट 17 अंशांना, पेला दांडीला धरून चाखली. स्पिरिटचं टोचणं पूर्ण गेलं होतं, तेव्हा तो मुद्दा मी मागे घेते. ज्येष्ठमध आणि पुदिना अजून होता. पण फळ ठळकपणे मागे गेलं होतं आणि शेवट आखूड झाला होता, अर्ध्या मिनिटाच्या आत संपला. भरलेल्या बंद बाटलीत एका दिवसात फळ इतकं उतरत असेल तर वीस वर्षांचं तुमचं भाकीत मला जास्त वाटतं. दहा म्हणा.

शिवाजीपार्ककर

ही नोंद महत्त्वाची आहे. उघडल्यानंतर किती टिकते यावरून पुढचं आयुष्य मोजायचा हा मार्ग मी वापरला नव्हता. दर्जाचा माझा निकाल तोच ठेवतो, कारण तो त्या संध्याकाळच्या पेल्याचा आहे. तयारीचा मात्र बदलतो: आता प्या, फार तर दहा वर्षं ठेवा. ज्यांच्याकडे हीच बाटली आहे त्यांनी उघडल्यावर पहिला तास, तिसरा तास आणि दुसरा दिवस अशा तीन नोंदी इथे टाकाव्यात, सोबत मुंबईत ती कुठे आणि कशी ठेवली होती तेही लिहावं.